रोसाल्बा, बघ गं!

बोगोटा, रविवार

बाबा, आधी आशीर्वाद द्या, मग पुढे वाचा.

मी वेळेवर जेवतेय, स्वेटरही घालतेय. गुडघ्याला तेल लावता ना?

डेन्मार्कहून ऑफिसचे दोन पाहुणे आलेत, बिर्गिटे आणि हेन्रिक. साहेब म्हणाले, "यामिले, यांना जरा मजा दाखव." मी सरळ तेहो खेळायला नेलं. बिअर झाली, मग मी चकती उचलली आणि फेकताना तुमच्यासारखीच ओरडले, "रोसाल्बा, बघ गं!" सवयच ती.

त्यांना वाटलं, हा खेळाचा नियमच! हेन्रिकही बेंबीच्या देठापासून ओरडला, "रोसाल्बा!" त्याची चकती लागून चिखलातली बारुदाची पुडी अशी फुटली, की बिर्गिटे थेट टेबलाखाली! शेजारी खेळणारे म्हातारे हसून हसून बेजार. मग तेही तसंच ओरडून चकत्या फेकायला लागले.

असा काही नियम नाही, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

आपल्या शेजारच्या काकू फोनवर म्हणत होत्या, आई गेल्यापासून तुमची चकती कपाटातच आहे. बाबा, काल सगळे आईला हाक मारत होते, फक्त तुमचा आवाज नव्हता. शनिवारी जा ना खेळायला. ती बघेल.

तुमचीच हट्टी,
यामिले