आईच्या खोलीची भिंत

बाबा,

तुम्ही कामावरून परत याल, तेव्हा आईच्या खोलीची बाहेरची भिंत ठिगळे लावल्यासारखी दिसेल. भिंतीला भोके पाडून, थंडी आत येऊ नये म्हणून, आतल्या पोकळीत फोम भरून घेतला आहे. कारागिरांना मीच बोलावले. तुम्ही नको म्हणाला होतात, हे विसरून नव्हे.

"माझ्या हातच्या गिलाव्याला कुणी हात लावायचा नाही," असे तुम्ही म्हणत राहिलात आणि थंडी पडली की आई खोकत, शाल गुंडाळून ताईकडे जात राहिली. ती गेल्यावर त्या खोलीवरून जाताना मी पावले हलकी टाकतो, जणू आत कुणी आजारी निजले आहे. हा हिवाळा मला तसा काढायचा नाही.

भोके बुजवली आहेत, पण सिमेंट ओले आहे. बोट लावून पाहू नका. थोडा फोम स्विचबोर्डातून फसफसून आत आला. वायरमन पाहून जाईपर्यंत तो बोर्ड वापरू नका. वास जाईपर्यंत खिडकी उघडी असू द्या. तोवर आई माझ्या खोलीत झोपेल.

थोरला कारागीर जाताना म्हणाला, "वडील ओरडले तर खुशाल माझं नाव सांगा." मी म्हणालो, "नाही, माझंच सांगेन."

आईला ताईकडून आणायला निघालो आहे. संध्याकाळी पोहोचू. तुम्हाला रागवायचे असेल तितके रागवा, मी ऐकून घेईन. तिची बॅग मात्र आता पुन्हा भरू देणार नाही.