डोळ्यातल्या कालव्याची गळती

तीर्थस्वरूप दाजींस,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. तब्येत ठीक असेलच. नसली तरी तुम्ही सांगणार नाही, म्हणून ताईला परस्पर विचारून घेतलं. काचबिंदूनं तुमच्या नजरेचा एक कोपरा खाल्ला, तरी ऑपरेशनचं नाव काढलं की तुम्ही विषय बदलता, असं कळलं. माझ्या उजव्या डोळ्याचं गेल्या महिन्यात झालं. काही म्हणजे काही वाटलं नाही. (हिला विचारू नका.)

परवा डॉक्टरबाईंनी डोळ्याच्या आतले फोटो काढायला बोलावलं. डोळ्यात पाणी तयार होतं, ते एका बारीकशा कालव्यातून निघून जातं, आणि तो तुंबला की दाब वाढून नजर जाते. उभी हयात कालवा निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाच्या डोळ्यातलाच कालवा तुंबावा, ही केवढी नाचक्की! यंत्रावर हनुवटी टेकवून हिरव्या ठिपक्याकडे बघायचं होतं. तेवढ्यात फोटो काढणारी मुलगी पुटपुटली, की कालवा दिसत नाहीये. माझ्या हद्दीतला कालवा दिसत नाही म्हणजे काय, म्हणून मी बघायला वाकलो, आणि पहिला फोटो भुवईचा आला. (भुवई उत्तम आहे.)

मग बाईंनी पडद्यावर आधीचा आणि आताचा फोटो शेजारी शेजारी लावला. आधी सगळं चेपलेलं, आता बाजूनं काढलेली नवी वाट मोकळी. त्या खुशीत म्हणाल्या, "बघा, इथून पाणी मस्त झिरपतंय." दाजी, झिरपण्यावरून मी नोकरीभर मेमो खाल्लेत. ताडकन उठून हात जोडले आणि म्हणालो, "मॅडम, संध्याकाळच्या आत बुजवून घेतो."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. झिरपावं म्हणूनच तर ऑपरेशन केलं, हे त्यांनी मला परत परत समजावलं, आणि माझा भरवसा न वाटून हिलाही. तेव्हापासून मी नाक खाजवायला हात उचलला तरी ही स्वयंपाकघरातून धावत येते. गेलेली नजर परत येत नाही म्हणे, पण उरलेली टिकेल असं बाई म्हणाल्या, तेव्हा मला खरंच भरून आलं. तुमचीही बरीच उरली आहे, दाजी.

ताईला नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. हे पत्र ताईनं लिहायला लावलं. 'काही वाटलं नाही' हे वाक्य तिचं.

आणखी एक ता. क. डाव्या डोळ्याची तारीख मी दोनदा पुढे ढकलली आहे. तुम्ही या, एकाच दिवशी उरकून टाकू. तुम्ही शेजारच्या खाटेवर असलात तर मला पळून जायची लाज वाटेल. दाराजवळची खाट मात्र माझी.