जसं सापडलं तसं फाटक

विदरकोट, मंगळवार

प्रिय डेस्मंड,

बाबा बरे आहेत, दोन वेळा नीट जेवतात. मीही बरी आहे, फक्त पाय भरून येतात. तुझा खोकला गेला का?

बाबांना आता पळवत नाही, म्हणून त्यांच्या पळायच्या वाटांवरून रोज सकाळी मी पळून येते. आल्या आल्या उलटतपासणी सुरू: ओढ्यावरची फळी हलते का, गव्हातली पायवाट कुणी नांगरली का. स्वतःच्या गल्लीत हरवणाऱ्या या माणसाला रानातलं एकेक फाटक पाठ आहे.

काल शेजारच्या हॉबडेच्या कुरणातलं फाटक उघडं दिसलं. कुणी विसरलं असेल म्हणून मी जाता जाता लावून टाकलं. मेंढ्यांचं पाणी पलीकडे होतं. बिचाऱ्या दिवसभर तहानलेल्या राहिल्या. हॉबडे दारात येऊन म्हणाला, "काय बाई, शहरात फाटकं नसतात वाटतं?"

बाबा तर केवढे खेकसले! "कार्टे, फाटक जसं सापडेल तसं सोडायचं. लहानपणी हेच शिकवलं ना तुला?"

भांडायचंही त्राण नव्हतं रे.

संध्याकाळी ते अंगणातल्या फाटकाशी उभे होते. ते भटकू नयेत म्हणून मी त्याला कुलूप घातलंय, हे तुला कळवलं नव्हतं. कुलपावर हात ठेवून हळूच म्हणाले, "हे घर घेतलं ना पोरी, तेव्हा हे उघडं होतं."

किल्ली अजून माझ्याच खिशात आहे. तू काय केलं असतंस?

तुझी बहीण,
हेस्टर