श्री. पुसूनये यांची गिटार

तीर्थरूप मामांस,

खुर्चीतूनच साष्टांग नमस्कार. (साष्टांग जमिनीवर घालायचा असतो हे मला ठाऊक आहे, पण सध्या कंबर धरली आहे. खाली गेलो तर उठवायला दोघं लागतील आणि मग पत्र कोण लिहिणार?) तब्येत कशी आहे? मामींचा गुडघा काय म्हणतो? नवा चष्मा डोळ्यांना सवयीचा झाला का? वाचताना मान वर करू नका, नजर खाली आणा, असं मी नंबर काढताना बजावलं होतं, आणि आपण ते ऐकलं नसणार हेही मला माहीत आहे. हे पत्र मात्र नजर खाली आणून, बसून, जवळ पाण्याचा पेला ठेवून वाचा. बातमी वाईट आहे. कोणी गेलेलं नाही, पण एका परीने गेलंच आहे. फोन केला नाही, कारण आपल्याशी फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि आमच्या दोन खोल्यांत ओरडलेलं सगळ्यांना ऐकू जातं. ही गोष्ट सौ.च्या कानावर जाता कामा नये.

आपण घर बदललंत तेव्हा आपल्याकडच्या दोन टेपरेकॉर्डरांपैकी एक मला दिलात आणि त्याच्यासोबत ती गिटारची कॅसेट. कॅसेटवर वादकाचं नाव लिहायची जागा असते, तिथे आपण नाव न लिहिता, कुणी वरून दुसरं काही भरू नये म्हणून, ठसठशीत अक्षरात 'पुसू नये' एवढंच लिहिलं होतं. त्या माणसाचं नाव आपल्याला कधीच ठाऊक नव्हतं. लग्न होऊन सौ. घरात आली तेव्हा तिला हे वादकाचं आडनावच वाटलं, आणि श्री. पुसूनये रोज किती वेळ वाजवतात, अशी तिने माझ्या आईकडे चौकशी केली. तेव्हापासून आमच्या घरात ते पुसूनयेच. लेकीनेही लहानपणी शाळेत आवडते कलावंत म्हणून हेच नाव सांगितलं आणि बाईंनी ते फळ्यावर लिहिलं.

बाकीचे वादक मी ऐकत नाही असं नाही. तो कुरळ्या केसांचा, ज्याचे हल्ली सगळीकडे कार्यक्रम असतात, तो वाजवतो तेव्हा वाटतं, याची शेवटची बस सुटते आहे आणि चप्पल सापडत नाहीये. दुसरा तो अंगाने भरलेला, तो अर्धा वेळ तारा जुळवतो. (एकदा मी त्या जुळवण्यालाच टाळ्या वाजवल्या आणि त्याने मान लववून त्या घेतल्यासुद्धा.) पण ठहराव म्हणाल तर तो फक्त पुसूनयेंचा. ठहराव म्हणजे काय ते आपणच मला शिकवलंत. एक सूर पुरता विझल्याशिवाय ते दुसऱ्याला हात लावत नसत. आणि कॅसेटच्या मध्यावर ते थांबतात, तो उसासा. खोल, घशातून आलेला, कण्हल्यासारखा. तेवढ्यासाठी आपण भर उन्हाळ्यात पंखा बंद करायचात. याची बायको नुकतीच गेली असावी, असं आपलं मत. माझं मत, भाऊ गेला असावा. हा वाद आपण मामींसमोर काढलात, तेव्हा बायको गेल्यावर पुरुष इतकं छान वाजवायला लागतात का, असं त्यांनी विचारलं आणि आपण पंखा परत लावलात. मला मात्र त्या उसाशानेच गिटार घ्यायला लावली.

शिकलो कसा हेही आपण जाणताच. टेप लावायची, तिच्या सुराला तारा जुळवायच्या आणि बरोबरीने वाजवत राहायचं. लोकांची बोटं तारांनी सोलून निघतात, माझी निघाली नाहीत. याचं श्रेय मी माझ्या हाताच्या जातिवंतपणाला देत आलो. (पुढे वाचा म्हणजे श्रेय कुणाचं ते कळेल.) दिवसभर दुकानात लोकांना ही काच स्पष्ट की ही काच, असं विचारून घसा सुकला की घरी यायचं, चहाचा कप घेऊन टेप लावायची, हा माझा दिवस. खालच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहतात, त्या झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. पण इतक्या वर्षांत त्यांचंही ठोकणं तालात आलं आहे. सौ. त्याच वेळी ओट्याशी भाजी चिरत असते. पुसूनयेंना ती 'झोपाळू' म्हणते, एवढा वेळ लावून वाजवायला या माणसाला घरी काही काम नाही का, असं रोज म्हणते, आणि मी रोज दुर्लक्ष करतो. संगीत सगळ्यांच्याच नशिबी नसतं.

आता घात कसा झाला ते ऐका. आमच्या चष्म्याच्या दुकानाचा वाढदिवस होता आणि मालकांनी मला गिटार वाजवायला सांगितली. लेक हल्ली कीबोर्ड वाजवते, तिने साथ करायचं ठरलं. एकदा बरोबर बसून बघू या असं ती चार वेळा म्हणाली. तालीम कच्च्या लोकांना लागते असं मी तिला ऐकवलं. (हे वाक्य ती आता दिवसातून एकदा तरी मला परत ऐकवते.) गिऱ्हाईक खुर्च्यांवर, मालक गल्ल्याशी, भिंतीवर तो अक्षरं लहान होत जाणारा तक्ता, आणि त्याखाली आम्ही बापलेक. मी सुरुवात केली, ती आली, आणि मामा, दोन मांजरं एका पोत्यात घातल्यावर होतो तसला आवाज झाला. तिने शेजारची पट्टी धरली, तर मांजरं पोत्याबाहेर आली. माझी गिटार तिच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत कुठेतरी बसली होती आणि कीबोर्डला त्या फटीत शिरता येत नाही. मी मान वर करून कीबोर्ड बिघडल्याचं जाहीर केलं आणि वाजवतच राहिलो. गिऱ्हाइकांनी चष्मे काढून पुसायला घेतले. काचा घासणारा आमचा सोबती, ज्याला आम्ही शून्य नंबर म्हणतो, तो शेवटी जवळ येऊन म्हणाला, "छान झालं, पण दोघांनी एकच गाणं घ्यायला हवं होतं."

घरी आल्यावर लेकीने सूर तपासायला फोन काढला. कीबोर्ड बरोबर निघाला, गिटार उतरलेली. मी म्हटलं, गिटार टेपला जुळवली आहे आणि टेप खोटं बोलत नाही. तिने काहीतरी विचार केला. गाणं ऐकून त्याचं नाव सांगणारी सोय फोनमध्ये असते, तिला आपली कॅसेट ऐकवली. फोन गप्प. मग तिने ते फोनवर रेकॉर्ड करून, वेग वाढवत वाढवत वाजवलं, आणि फोनने क्षणात वादकाचं नाव, गाव, सगळं समोर ठेवलं. मामा, आपला टेपरेकॉर्डर हळू चालतो. आतला रबरी पट्टा सैल झाला आहे आणि तो आपल्याकडे होता तेव्हापासूनच सैल असणार. माझ्या तारा त्या आवाजाला जुळवल्या म्हणून ढिल्या, आणि ढिल्या म्हणून बोटं शाबूत. एवढा आहे माझ्या हाताचा जातिवंतपणा. मग लेकीने मूळ गाणं लावलं. ते नाचाचं गाणं आहे. मागे लोक टाळ्या देत आहेत. आणि मध्यावर जिथे ते थांबतात (पाणी जवळ आहे ना?) तिथे ते कण्हत नाहीत. ते हसतात. कुणीतरी काहीतरी विनोद केला असावा आणि त्यांना वाजवता वाजवता हसू फुटलं. त्यांचा भाऊ सुखरूप आहे, मामा. बायकोही असेल.

एवढ्यावर थांबतं तर मी कसंबसं सोसलं असतं. पण माझा उतरलेला चेहरा सौ.ला बघवला नाही. मी दुकानात असताना ती टेपरेकॉर्डर पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे गेली आणि नवा पट्टा बसवून आली. वर पुसून, चकचकीत करून टेबलावर ठेवला, आणि मी कळ दाबेपर्यंत दारात उभी राहिली. आता काय करणार? मी 'वा' म्हणालो. तेव्हापासून रोज म्हणतो आहे. चहा निम्मा होतो तोवर बाजू संपलेली असते. खऱ्या सुराला गिटार चढवली तर बारीक तार तुटून हनुवटीला लागली. खालच्या बाईंचा झाडू दोनदा चुकला आणि मग बंदच झाला. घरात सगळं कसं लगबगीचं झालं आहे. (सौ.च्या बोटालासुद्धा पट्टी आहे. सुरीला धार लावून आणली की असंच होतं.) तिने किती मायेने केलं ते मला दिसतं, म्हणून तोंडातून शब्द काढवत नाही. पण मामा, मला तो माणूस परत हवा आहे. तो कधी नव्हताच हे मला कळलंय, तरी हवा आहे. रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसून तोच कण्हत होता, हा दुसरा आनंदी गृहस्थ माझ्या ओळखीचा नाही.

मामींना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याला शेक आणि आपल्याला पुन्हा एकदा, नजर खाली.

आपला भाचा

ता. क. आपल्याकडचा दुसरा टेपरेकॉर्डर अजून आहे ना? तो 'जरा दमतो' असं आपण मागे म्हणाला होतात. तो कृपा करून दुरुस्त करू नका. कुणी इकडे येणारं असलं तर त्याच्याबरोबर पाठवून द्या. मामींनी विचारलं तर भंगारात दिला म्हणा.

ता. क. तो दमतो म्हणजे नक्की किती दमतो, हे आपण दुसऱ्या एखाद्या कॅसेटवरचं हसू त्यावर लावून सांगू शकाल. बायको गेल्यासारखा वाटला तर पाठवा. नुसती सर्दी झाल्यासारखा वाटला तर राहू द्या.

ता. क. मामांना आणि मामींना माझा नमस्कार. हे पत्र टेबलावर उघडं ठेवून हे चष्मा शोधायला गेले आहेत. (चष्मा डोक्यावर आहे.) म्हणून घाईत लिहिते. टेपरेकॉर्डर पाठवू नका, वाटेत फुटेल. जुना पट्टा मी टाकलेला नाही, माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. उद्या हे दुकानात गेले की परत बसवून आणते. यांना कळवू नका, मशीन आपणहून दमलं असंच वाटू दे. आणि सुरीला कुणी धार लावलेली नाही. त्या नव्या गाण्यावर भाजी चिरायला गेले आणि बोट कापलं.