फादरची बायको

प्रिय सिस्टरमावशी,

गुडघे कसे आहेत? मठातल्या नव्या मुली भाकरीची भट्टी सांभाळतात, की अजून तुम्हीच तिच्यापुढे उभ्या असता? इकडे आम्ही मजेत. यांची दाढी आता पुरती पिकली आहे.

आम्ही तुमच्या गावात आलो तेव्हाचं आठवतं ना? कॅथलिक फादर, आणि सोबत बायको, लेक! लोकांच्या भुवया टाळूला भिडल्या. पोपना आम्हीही मानतो, फक्त आमच्या पूर्वेकडच्या चर्चची उपासना निराळी आणि आमच्यात लग्न झालेल्यालाही फादर होण्याची दीक्षा मिळते, हे मी कुणाकुणाला सांगत बसणार? सांगितलं तर म्हणणार, बाई सारवासारव करतेय. भल्या माणसांनी मला फादरची स्वयंपाकीण ठरवून टाकलं. मी हसण्यावारी न्यायचे. पण पोरीने शाळेत काय काय ऐकलं देव जाणे, घरात 'बाबा' म्हणणारी ती चारचौघांत त्यांना 'फादर' म्हणू लागली. हे जेवण अर्धं टाकून उठायचे.

तुम्ही जन्मभर मिस्सेच्या उपासनेसाठी बिनखमिराची पातळ भाकर भाजलेली. आम्हाला खमिराचा फुगलेला पाव लागतो हे कळलं, तशा बाह्या सरसावून पीठ भिजवायला बसलात. पहिला पाव दगड झाला, दुसरा करपला. मदतीच्या बाई कुरकुरल्या, हे कसलं कॅथलिक? कॅथलिक म्हणजे सगळ्या जगाचं, आपल्या गल्लीपुरतं नव्हे, असं तुम्ही त्यांना सुनावलंत. आणि रविवारी अंगणात अख्खं गाव उभं असताना तिसरा पाव माझ्या लेकीच्या हातात दिलात नि खणखणीत आवाजात म्हणालात, जा, तुझ्या बाबांना नेऊन दे. ती आधी लोकांकडे बघत राहिली. मग अशी काही 'बाबा' म्हणून ओरडली की पार फाटकापाशी गेलेलेही वळले. यांनी तिलाच कवेत घेतलं, पाव मीच धरला. तुम्ही मला 'पाद्रीणबाई' म्हणून सगळ्यांसमोर पुढे बोलावलंत. त्यानंतर मला कुणी स्वयंपाकीण म्हटलं नाही. मावशी, हे उपकार मी कधी नीट बोलून दाखवलेच नाहीत.

आता मुद्द्याचं. लेकीचं लग्न ठरलं आहे. मुलगा आमच्याच सेमिनरीतला, फादर व्हायला शिकतोय. आमच्यात लग्न दीक्षेआधीच करावं लागतं, नंतर करता येत नाही. मी तिला बजावलं, अगं, लोक नाकं मुरडतील, माझं पाहिलंस ना? म्हणाली, पाहिलं, आणि सिस्टरमावशींनाही पाहिलं, म्हणूनच हो म्हटलं. माझी आई ती जन्मण्याआधीच गेली. लग्नात आजीच्या जागी कोण बसणार, हे तिने मला विचारलंसुद्धा नाही. तुम्ही येणार असं सगळ्यांना परस्पर सांगून मोकळी झाली आहे.

तुमचीच,
पाद्रीणबाई