निडर म्हणू का तुला?

प्रिय ताई,

उद्या तुझ्या पुण्यानुमोदनाचा, तुला निरोप द्यायचा कार्यक्रम. धाकटी बहीण म्हणून मी दोन शब्द बोलायचे, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. कोणते दोन शब्द, ते मात्र कुणी सांगत नाही! म्हणून तुलाच विचारतेय.

इतकी युद्धं बघून धडधाकट घरी आलीस आणि इथं, उस्मानपुऱ्यात, डेंग्यूनं गेलीस? डोकंच चालत नाही गं. पोरांनी चौकात फ्लेक्स लावलाय. तुझ्या फोटोमागं रणगाडा आणि खाली ‘निडर रणरागिणी’! आई बघतच राहिली. “रणगाडा कशाला रं? माझी पोरगी काय कुणाला मारायला गेली व्हती?”

खरंच, काय करायला जायचीस तू? रेडिओवर युद्धाच्या बातम्यांत तुझा आवाज आला की आम्ही गॅसवरचा कुकरसुद्धा बंद करायचो. मामा ओरडायचे, “अगं, कोण जिंकतंय ते सांग की!” आणि तू सांगायचीस पावासाठीची रांग, तळघरात बाळंत झालेली बाई. ही काय बातमी झाली? मला तेव्हा कळत नव्हतं, आताही नीटसं कळत नाही.

तिकडं खोलीत आवाज घुमू नये म्हणून आईची गोधडी डोक्यावरून घेऊन तू बातमी रेकॉर्ड करायचीस. दरवेळी गोधडी नेतेस म्हणून आईला वाटायचं, तिकडं थंडी फार. आम्ही काही विचारलं की तुझं एकच, “मी मजेत. भाजी कुठली केली?” असं कसं गं मजेत?

काल भाकरी थापता थापता आईनं विचारलं, “लढाईत घाबरत असंल का गं ती तवा? घाबरली तर एकटीच घाबरत असंल?”

मी तव्यावरची भाकरी उलटली. आठवतं, तू सुट्टीवर आलेलीस, त्या संध्याकाळी आपण हर्सूल तलावावर बसलो होतो, कुणाच्या तरी वरातीत फटाके वाजले आणि तू थेट बाकाखाली! माझा हात असा आवळलास की बांगडी फुटली. उठल्यावर म्हणालीस, “आईला सांगू नको.” मी हो म्हणाले.

आता तो शब्द पाळू की आईला उत्तर देऊ? मला असं पेचात टाकून गेलीस, याचा रागही येतो तुझा.

तरी ठरवलंय. उद्या मांडवात लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत, मीही काहीतरी बोलेन. पण माणसं पांगली की आईजवळ बसून सांगणार आहे: ताई घाबरायची, आई. लई घाबरायची. त्या दिवशी मात्र माझा हात धरला होता तिनं.

रागाव हवं तर.

तुझी,
छबी