पटले गुरुजी आता मोबाइलमध्ये

२ जानेवारी
राजीनामा मंजूर. सालेकसा तालुक्यातली माझी जिल्हा परिषद शाळा आजपासून माझी नाही. मन एकदम हलकं. चौथीच्या वर्गाला सांगितलं, मी जात नाही रे, मोबाइलमध्ये येतोय. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुखवंता मात्र रडली. भागाकारात तिची गाडी नेहमी अडते, त्याचीच काळजी असावी.
घरी बायकोने, दुर्गेश्वरीने, विचारलं, चांगली सरकारी नोकरी काऊन सोडली जी? तिला व्हिजन समजावून सांगितलं. अर्ध्यातच ती कुकर लावायला उठली.

९ जानेवारी
कुडव्याला खोली घेतली. बाहेर बोर्ड लावला: पटले एज्युटेक. पार्टनर हेमेंद्र, माझाच जुना विद्यार्थी, इंजिनीअर. कोडिंग त्याचं, डोकं माझं. संकल्प: रोज पहाटे उठून स्वतः कोडिंग शिकायचं.

१० जानेवारी
थंडी फार. उद्यापासून.

२६ जानेवारी
सवयीने लवकर उठलो. पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली, आणि मग लक्षात आलं की झेंडावंदनाला जायला शाळाच नाही. गच्चीवर उभा राहून लांबच्या शाळेचा लाउडस्पीकर ऐकला. कोणीतरी पोर भाषण विसरलं. पुढचं वाक्य मला येत होतं.
फाउंडरने असं हळवं होऊन चालत नाही.

१४ फेब्रुवारी
ॲपसाठी रेकॉर्डिंग पूर्ण. सगळे पाठ माझ्याच आवाजात. तिसऱ्या पाठात शेजारच्या कुकरच्या शिट्या आल्या. हेमेंद्र म्हणाला, सर, फिरसे करू. मी म्हटलं, राहू दे, नॅचरल वाटतं.

२० फेब्रुवारी
हेमेंद्रने विचारलं, पोरगा आठवडाभर आलाच नाही तर ॲपने काय करायचं? बाकी ॲपवाले प्रोग्रेस झिरो करतात. मी म्हटलं, करून टाक झिरो. शिस्त पाहिजे. वाक्यही मीच रेकॉर्ड केलं: तू अभ्यास करत नाहीस. चल, पुन्हा पहिल्यापासून! असा कडक आवाज वर्गात मला कधी जमला नव्हता. इथे एका टेकमध्ये ओके.

३ मार्च
शाळेत जाऊन पालकांच्या मोबाइलमध्ये ॲप टाकून दिलं. हेडमास्तर हिरालाल सर म्हणाले, तुमच्या जागेवर अजून कोणी आलं नाही, चौथीचे पोरं दुसरीच्या वर्गात बसून राहिले. मी म्हटलं, सर, आता शिक्षकाची गरजच काय? ते खडू घेऊन वर्गाकडे निघाले. पटलं असावं.

११ मार्च
सुखवंताला भागाकार जमला! बाकीसकट! स्क्रीनवर तिचं नाव हिरवं दिसतं. येता-जाता तेच बघतो. आज दुर्गेश्वरीलाही दाखवलं. ती हसली. खूप दिवसांनी.

२९ मार्च
सगळी नावं लाल, म्हणजे आठवडाभर कोणीच ॲप उघडलं नाही. नेटवर्कचा प्रॉब्लेम.

५ एप्रिल
अजून लाल. हेमेंद्र म्हणतो, सर्व्हर बरोबर आहे. म्हणजे मार्केटिंग कमी पडलं.
दुर्गेश्वरी म्हणाली, मोहफुलं पडून राहिले ना जी, पोट्टे पहाटेपासून वेचाले जंगलात असतील. तुम्हीच तं मोहफुलाच्या दिवसांत नवा धडा काढत नव्हते. मी म्हटलं, ही टेक्निकल बाब आहे.
 

१२ एप्रिल
शाळेच्या गावात जाऊन आलो. सुखवंताची आई सुशीलाबाई अंगणात मोह वाळत घालत होती. म्हणाली, पोरगी माह्यासंग मोह वेचाले येत होती. मंग एक दिवस मोबाइल उघडला, तं तुमी रागावले. तिचं सारं शिकलेलं पुसून गेलं. गुरुजीले मोहाचं माहीत आहे, तरी मले असे बोलले, असं म्हणून रडली. आता शाळेतबी जात नाही.
मी सांगितलं, बाई, तो मी नव्हतो, ॲप होतं.
ती म्हणाली, पण आवाज तं तुमचाच होता ना, गुरुजी.
सुखवंता घरातच होती. दारातून दोनदा हाक मारली. आली नाही. परतताना मोटरसायकल बाजूला घेऊन बराच वेळ रडलो.

१३ एप्रिल
हेमेंद्रला सांगितलं, ते वाक्य काढ, पोरांचा अभ्यास जिथे होता तिथे ठेव. त्याने लगेच काढलं. म्हणाला, सर, पण ज्यांच्या मोबाइलमध्ये ॲप आहे त्यांनाच हा अपडेट जाईल. मी विचारलं, किती जणांकडे आहे? त्याने स्क्रीनवर यादी उघडली. मग म्हणाला, एकच मोबाइल दिसून राहिला सर. तुमचा.
अपडेट करून घेतला.